वैऱ्याच्या हातची गाठ

मुरडबंदराच्या खाडीच्या तोंडाशी, जिथे वाळू संपते आणि कातळ सुरू होतो, तिथे पुरुषभर उंचीचा एक काळा धोंडा उभा आहे. त्याच्या कमरेला सभोवार खोल घळ पडलेली आहे, आणि त्या घळीत बारा महिने काथ्याच्या दोराची एक गाठ असते. मंडळी, फोटो काढा, हरकत नाही. पण गाठीला हात लावू नका, आणि धोंड्यावर चढायचे तर मनातही आणू नका. मागे एक पाहुणा चढला होता. त्याला उतरवताना आमच्या बायकांनी जी भाषा वापरली, ती इथे सांगण्यासारखी नाही.

आज मोसमाचा पहिला दिवस. होड्या पाण्यात ढकलण्याआधी प्रत्येक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, या धोंड्यापाशी हात वर करून उभा राहिला आणि कुणीतरी त्याच्या कमरेला दोर बांधला, हे तुम्ही पाहिलेत. तुमच्यापैकी काहींना वाटले की भाऊ भावाला बांधतो आहे, मित्र मित्राला बांधतो आहे. तसे नाही. ज्याच्याशी तांडेलाचे वैर असेल, अबोला असेल, बांधावरून नाहीतर सोयरिकीवरून फाटले असेल, त्याच्याच हातून ही गाठ घ्यायची, असा इथला रिवाज आहे. मी होडीवर होतो तोवर माझ्या कमरेला माझा चुलतभाऊ गाठ बांधत असे. आमचे एका फणसाच्या झाडावरून वाकडे आहे, आणि ते मरेपर्यंत सरळ होणार नाही. पण गाठ त्याने कधी वाकडी बांधली नाही, एवढे मी त्याच्या तोंडावरसुद्धा सांगेन, बोलत असतो तर.

ज्याला एकही वैरी नाही त्याने काय करावे, असे मघाशी या ताईंनी विचारले. ताई, कोकणात तशी अडचण सहसा येत नाही.

आता ही गाठ कशी बांधतात ते आधी बघून घ्या, म्हणजे पुढचे कळेल. दोर कमरेभोवती घ्यायचा. जो दोर किनाऱ्याकडे जातो तो उभा दोर. त्याच्यावर एक लहानसा डोळा करायचा. डोळा करताना टोकाकडची बाजू वर राहिली पाहिजे, हे विसरायचे नाही. मग टोक खालून डोळ्यातून वर काढायचे, उभ्या दोराच्या मागून फिरवायचे, पुन्हा त्याच डोळ्यातून खाली घालायचे आणि ओढायचे. आमच्या पोरींना हे असे शिकवतात: बाय दारातून बाहेर आली, तुळशीला फेरी घातली, आल्या दारानं घरात गेली. झाली गाठ. कितीही ओढा, वेढा लहान होत नाही आणि मोठाही होत नाही. काम झाले की पाठीमागचा वाक अंगठ्याने मागे ढकलायचा. चिंब भिजलेली असली तरी सुटते. होडी खुंटाला लावायची, डोलकाठीवर माणूस चढवायचा, विहिरीत पडलेले वासरू वर काढायचे, सगळ्याला हीच गाठ. पण डोळा जर उलटा पडला, तर दिसायला जवळजवळ तीच गाठ होते आणि ओढ बसली की सरकते. लांबून बघणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. हे लक्षात ठेवा.

फार पूर्वी ही गाठ इथे कुणाला ठाऊक नव्हती, असे सांगतात. तेव्हा पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला सरकफास घालत. ओल्या अंगावरून दोर निसटू नये, म्हणून फास. जितकी ओढ, तितका घट्ट, हेच त्या काळच्या माणसांना शहाणपण वाटे.

त्या काळी इथे धाकू नावाचा तांडेल होता. आणि सुंदराबाई नावाची एक विधवा होती, काथ्याचे दोर वळून पोट भरणारी; गाव तिला सुंद्राय म्हणे. तिला एकच मुलगा, लखू. पाण्यात मासा लाजेल असा पोहणारा. तो धाकूच्याच होडीवर खलाशी होता. नात्याने धाकू त्याचा कोणी नव्हे, पण लखू लहानपणापासून त्याला मामा म्हणे आणि धाकूही त्याला भाच्यासारखाच वागवी.

एकदा मोसमाच्या शेवटी धाकूच्या होडीचा नांगर दात्यात अडकला. तो बघा, समोर पाणी फुटते आहे तो दात्या खडक. भरतीला बुडतो, पण लाट परतली की त्याचे सुळे दिसतात. नांगर सोडवायला लखू खाली उतरणार होता. धाकूने स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला दोर बांधला.

"मामा, घट हाय ना?" लखूने विचारले म्हणे.

"घट हाय रे. माजी गाठ सुटेल व्हय?"

गाठ सुटली नाही, हेच तर झाले. लखू खाली असताना मोठी लाट आली आणि त्याला खडकाच्या फटीकडे घेऊन गेली. होडीवरच्यांनी जिवाच्या आकांताने दोर ओढला. किनाऱ्यावरच्यांनी ओरडून ओरडून सांगितले, ओढा, ओढा. ते जितके ओढत, तितका फास आवळत गेला. लखूला वर घेतले तेव्हा त्याच्या पोटात पाणी नव्हते. फास इतका रुतला होता की कोयत्याने कापावा लागला. पोर समुद्राने नेले नव्हते. सगळ्यांनी मिळून त्याला वाचवता वाचवता मारले होते. आणि हे ज्याला त्याला कळत असूनही कुणी बोलेना.

बोलली ती सुंद्राय. लखूच्या कमरेचा दोर तिने कुणाला जाळू दिला नाही. तो हातात घेऊन ती जाखमातेच्या देवळात गेली आणि सगळ्या गावादेखत म्हणाली, "बाय, ऐक. ज्या दोरानं माजा लखू गेला, त्याच दोरानं धाकू जाईल. त्यो दोर मी वाढवीन, आनि गाठ मीच बांदीन."

देवीपुढे बोललेले शब्द त्या काळी परत घेता येत नसत. धाकू दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात जाऊन उभा राहिला, तर तिने दार उघडले नाही. त्यानंतर त्याने होडीवर पाय ठेवला नाही. होडी त्याचा मुलगा भिवा चालवू लागला. धाकू किनाऱ्यावर बसून जाळी विणे आणि सुंद्रायच्या घरावरून जायचे टाळी.

सुंद्राय मात्र त्या कापलेल्या दोराला नवा काथ्या जोडून रोज वळत राहिली. दोर वाढत गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत आणि पीळही. कुंपणावरून बायका बघत. दोराचे एक टोक ती माडाला बांधी, दुसरे स्वतःच्या कमरेला, आणि अंग मागे झोकून देई. कधी वेढा आवळे आणि ती खोकत खाली बसे. कधी आवळत नसे, पण सुटून जाई आणि ती पाठीवर आपटे. मग पुन्हा नवी गाठ. तिला वेड लागले असे काही म्हणत. बाकीचे म्हणत, वेड कसले, धाकूची तयारी चालली आहे. तिला मात्र कुणी विचारले नाही, आणि तिनेही कुणाला सांगितले नाही.

पुढच्या मोसमात तो दिवस आला. गावच्या सगळ्या होड्या समुद्रात होत्या. दुपार कलली नाही तोच पश्चिमेकडून काळे आभाळ उठले आणि वारा फिरला. शहाण्या तांडेलांनी होड्या दक्षिणेच्या खाडीत घातल्या. भिवा तरुण होता. त्याला वाटले, वाऱ्याच्या आधी आपण घर गाठू. खाडीच्या तोंडापर्यंत तो आलाही. तिथे त्याच्या होडीचे सुकाणू मोडले आणि लाटेने ती उचलून दात्यावर टाकली.

होडी खडकात रुतून एका बाजूला कलंडली. भिवा आणि त्याचे चार खलाशी डोलकाठीला धरून होते. अंतर तसे हाकेचे. किनाऱ्यावरून त्यांची तोंडे ओळखू येत होती. भरती चढत होती, आणि पाणी पुरते चढले की होडी खडकावरून उचलली जाऊन फुटणार, हे लहान पोरालाही कळत होते.

गावात तेव्हा म्हातारे आणि बायकाच होत्या. त्या पाण्यात पोहून जाऊ शकेल असा एकच माणूस किनाऱ्यावर होता, तो धाकू. त्याने अंगरखा काढला आणि दोर मागितला. दोर होता कुठे? लांब दोर सगळे होड्यांवर समुद्रात. धावाधाव झाली. कुणी जाळ्याच्या दोऱ्या आणल्या, कुणी विहिरीचा सुंभ आणला. त्यांचे तुकडे जोडले तरी अर्ध्यापर्यंत पुरेनात.

तेवढ्यात माणसे बाजूला झाली. सुंद्राय डोक्यावर दोराचे वेटोळे घेऊन येत होती. वर्षभर वळलेला, मनगटाएवढा जाड दोर. तिने वेटोळे या धोंड्यापाशी टाकले. टोकाचा काळपट भाग सगळ्यांनी ओळखला. तो लखूच्या कमरेचा होता.

रघू नावाचा एक म्हातारा पुढे झाला. "दे हिकडं. मी बांदतो त्येला."

"दोर माजा हाय," सुंद्राय म्हणाली. "बांदनार मी."

देवीपुढची तिची शपथ सगळ्यांना पाठ होती. धाकूची बायको येसू मटकन खाली बसली. समोर मुलगा, इथे नवरा, आणि दोर सुंद्रायच्या हातात. कुणीतरी म्हणाले, तांडेल, नुसताच जा, दोर नको. पण दोराशिवाय जाऊन करणार काय? त्या पाण्यात पोहत जाणारा एक; परत येणारे पाच जण कशाला धरून येणार?

धाकूने तिच्याकडे पाहिले. तो तिच्यासमोर गेला आणि त्याने दोन्ही हात वर केले.

तिने दोर त्याच्या पाठीमागून घेतला. काखेखाली, छातीभोवती. डोळा केला, टोक वर काढले, फिरवले, खाली घातले. सगळ्यांनी वाकून वाकून बघितले, रघूनेही. त्याला सरकफास माहीत होता; ही गाठ त्याच्या बापजन्मात त्याने पाहिली नव्हती.

"ही कसली गाठ? ह्यात फास कुठं हाय?"

सुंद्रायने दोराचे दुसरे टोक धोंड्याभोवती फिरवले आणि दोर स्वतःच्या हातात घेतला. "जा," एवढेच ती म्हणाली.

धाकू पाण्यात गेला. पहिली लाट त्याने खालून काढली, दुसरी अंगावर घेतली. दोर सुटत होता, सुंद्रायच्या तळहातांवरून सरकत होता. त्याचे डोके दिसे, बुडे, पुन्हा दिसे. होडीवरून भिवा ओरडत होता. वाऱ्यात शब्द कळत नव्हते. अर्ध्याहून अधिक अंतर गेले असेल, तेव्हा आडवी लाट आली आणि तिने धाकूला खडकांच्या फटीकडे ओढले. त्याच फटीकडे. डोके दिसेनासे झाले आणि दोर ताडकन ताणला.

"वडा!" सुंद्राय ओरडली.

एकही हात दोराला लागला नाही. मंडळी, त्या माणसांना दोष देऊ नका. वर्षापूर्वी त्यांनी असाच दोर ओढला होता, ओढायला लावला होता, आणि काय हाती आले ते बघितले होते. आता ओढायला सांगत होती तीच बाई, जिने दोराच्या टोकाला असलेल्या माणसाला मारायची शपथ घेतली होती.

"वडा म्हनते ना! मरल त्यो!"

रघू म्हणाला, "सुंद्राय, लखूच्या येळी बी आमी असंच वडलं व्हतं गो."

"त्यो फास व्हता! ही माजी गाठ हाय!"

आणि ती एकटीच मागे झुकून ओढू लागली. दोर हलेना. तिच्या तळहातांची साले निघून रक्त दोरावर उतरले. तरी लोक उभेच. तेव्हा येसू उठली. ती सुंद्रायच्या समोर आली आणि तिने तिच्या तोंडाकडे बघितले. दोघी आया. काय दिसले तिला त्या तोंडावर, ते तिने पुढे कुणालाही सांगितले नाही. ती वळली, सुंद्रायच्या मागे उभी राहिली आणि तिने दोराला हात घातला. मग रघूने घातला, मग सगळ्यांनी.

ओढून ओढून त्यांनी धाकूला उथळ पाण्यात आणले. तो पालथा पडला होता. येसू पाण्यात धावली. तिने त्याला उताणा केला आणि तिचा हात आधी छातीवरच्या दोरावर गेला. दोर आणि कातडी यांच्यामध्ये तिची बोटे सहज गेली. वेढा तसूभरही लहान झाला नव्हता. धाकूने पाणी ओकले, श्वास घेतला, पुन्हा घेतला. एवढी ओढ बसूनही आपण श्वास घेतो आहोत, हे त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो वाळूत बसून मोठ्याने रडला. तांडेल माणूस, पण रडला, आणि का रडतो आहे ते सगळ्यांना कळले. ही गाठ वर्षापूर्वी कुणाला येत असती, तर लखू जगला असता.

पण दात्यावर पाच जण होते. धाकू उठला आणि पुन्हा पाण्यात शिरला. आता दोर ओढायला कुणीच भीत नव्हते. या खेपेला तो होडीपर्यंत पोहोचला. त्याने वेढा डोक्यावरून काढून पहिल्या खलाशाच्या काखेखाली घातला आणि होडीवरचा दोर त्याच वेढ्याला जोडला, म्हणजे माणूस किनाऱ्याला लागला की रिकामा वेढा परत ओढून घेता येईल. एकेक करून चौघे आले. मग भिवा आला. शेवटी धाकू वेढ्यात शिरला आणि किनाऱ्याने त्याला ओढायला घेतले, तेव्हा त्याच्या पाठीमागे होडी उचलली जाऊन फुटली. त्या ओढीनेच या धोंड्याला घळ पडली, असे म्हणतात. आमचे एक मास्तर म्हणायचे की एका दिवसाच्या ओढीने दगड झिजत नाही. मास्तरांचे खरे असेल. दगड त्यानंतरच्या पिढ्यांनी झिजवला असेल. पण सुरुवात त्या दिवसाची.

संध्याकाळी धाकू सुंद्रायच्या अंगणात गेला. या वेळी दार उघडे होते. त्याने डोक्याचे मुंडासे काढून तिच्या पायांशी ठेवले. "सुंद्राय, मला माफ कर," तो म्हणाला.

"माफी माज्याजवल नाय," सुंद्राय म्हणाली. "ती लखू घेऊन गेला. गाठ हाय. ती हवी तर शीक."

तिने त्याला तिथेच, कंदिलाशेजारी बसवून गाठ शिकवली. त्याचा डोळा उलटा पडला की ती त्याच्या हातावर चापट मारी आणि पुन्हा करायला लावी. ती त्याच्याकडे बघून हसली नाही, आणि तो निघाला तेव्हा पुन्हा ये म्हणाली नाही. देवीपुढची शपथ मोडली होती. त्याबद्दल तिने पुढे जन्मभर पायांत वहाण घातली नाही, असे सांगतात.

त्याच रात्री गावाने तिला विचारले, आता गाठ कोण बांधणार, तांडेल की खलाशी की ज्याचा त्याचा भाऊ? तेव्हा तिने हा रिवाज घालून दिला. ती म्हणाली, "माज्या लखूनं मामाची गाठ बगितली नाय. आपल्या मानसाची गाठ कोन बगतो? आज माजी गाठ समद्यांनी वाकून वाकून बगितली. म्हनून वैऱ्याकडनं बांदून घ्या."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण धाकू पुन्हा होडीवर जाऊ लागला, आणि दर मोसमाच्या पहिल्या दिवशी तो या धोंड्यापाशी सुंद्रायसमोर हात वर करून उभा राहू लागला. ती बांधी, तो वाकून गाठ बघे, आणि निघून जाई. गावाला वाटे, एवढ्या वर्षांनी तरी बोलतील. ते बोलले नाहीत. लखू गेल्याचे दुःख तिने कमी होऊ दिले नाही, आणि धाकूने तशी अपेक्षाही केली नाही.

शेवटच्या वर्षी सुंद्राय फार थकली होती. काथ्याने तिची बोटे वाकडी झाली होती, दोर धरवत नव्हता, डोळ्यांना नीट दिसत नव्हते. ओहोटी लागली होती. होड्या निघायची हीच वेळ. पाणी उतरले की दिवस फुकट. धाकूचेही केस पिकले होते. तो हात वर करून उभा राहिला. तिने दोर घेतला, डोळा केला, चाचपून बघितला. उलटा पडला होता. तिने तो सोडला. पुन्हा केला, पुन्हा उलटा पडला. एक खलाशी पुढे होऊन काही बोलणार, तोच धाकूने नुसत्या नजरेने त्याला थांबवले. त्याचे वर केलेले हात भरून आले होते, पण त्याने ते खाली घेतले नाहीत. पाणी उतरत गेले, होड्या वाळूवर बसत गेल्या. सगळा गाव उभा होता. कितीतरी वेळाने टोक डोळ्यातून खाली गेले. तिने गाठ ओढून पाहिली आणि होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी एकही होडी समुद्रात गेली नाही.

आजही इथे गाठ बांधणाऱ्याला कुणी घाई करत नाही. ओहोटी निघून जाऊ दे, इंजिने तापून बंद करावी लागू देत, बाजारात मासळी उशिरा पोहोचू दे. ज्याच्या कमरेला दोर आहे तो हात वर करून उभा राहतो, आणि ज्याने त्याला माफ केलेले नाही, तो आपला वेळ घेऊन गाठ नीट बांधतो.